जुन्या मोटारीचा मूळ रंग

घरांतील जुनी मोटार मोडींत न घालतां तिची दुरुस्ती करून ती पुन्हां रस्त्यावर आणावी, अशी हौस अलीकडे आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून बरीच वाढलेली दिसते. पूर्वीं आजोबांचें घड्याळ, पणजीची पैठणी, देवघरांतील पितळी समई या वस्तु जपल्या जात. आतां त्यांच्या पंक्तीला आजोबांची फियाट किंवा अँबॅसडर येऊन बसली आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें नियम करून, पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या खाजगी गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणीची सोय केली. त्यामुळें या हौसेला कायद्याचीही मान्यता मिळाली. इंजिन, ब्रेक, विजेच्या तारा यांविषयीं आम्हांस येथें कांहीं लिहावयाचें नाहीं. जाणता मेस्त्री तीं कामें करून देतो, आणि एखादा भाग मोडला तर दुसऱ्या गाडीवरून आणतां येतो. आम्हांस लिहावयाचें आहे तें रंगाविषयीं. सर्वांत सोपें म्हणून जें काम शेवटीं ढकललें जातें, तें बहुधा पहिल्याच दिवशीं बिघडलेलें असतें.

पहिल्या दिवशीं काय होतें तें पाहा. गाडी गॅरेजमध्यें जाते. पोचे काढावयाचे, गंज घालवावयाचा, म्हणून रंगारी कांचकागद, पत्री आणि रंग उतरविण्याचें औषध घेऊन पत्रा उघडा करतो. चार दिवसांत गाडी चकचकीत लोखंडाची दिसूं लागते आणि मालकास फार समाधान वाटतें. मग रंगारी विचारतो, “साहेब, रंग कोणता द्यायचा?” तेव्हां घरांतील सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मूळ रंगाचा एकमेव खरा साक्षीदार जो जुना थर, तो तर केराच्या टोपलींत गेलेला असतो! तो पुन्हां कोठूनही आणतां येत नाहीं.

मूळ रंग सर्वांना ठाऊकच असतो, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं अमेरिकेंतील फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीचें उदाहरण पाहावें. ही गाडी म्हणजे काळी गाडी, आणि काळ्याखेरीज दुसरा रंग देण्यास हेन्री फोर्ड तयार नसत, ही गोष्ट शाळेंतील मुलांनाही माहीत असते. परंतु ही गाडी १९०८ च्या ऑक्टोबरांत बाजारांत आली, आणि १९१४ चा हंगाम उजाडेपर्यंत ती काळी नव्हतीच. आरंभींच्या गाड्या राखी, लाल व हिरव्या होत्या. पुढें कांहीं काळ सरसकट गर्द हिरव्या निघाल्या. त्यानंतर मध्यरात्रीच्या आकाशासारखा एक गर्द निळा रंग आला. काळ्या रंगाचें राज्य १९१४ पासून १९२५ पर्यंत चाललें, आणि १९२६ च्या गाड्यांना पुन्हां हिरवा व किरमिजी रंग मिळूं लागला. बरें, तो काळा तरी एक होता काय? गाडीच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळीं काळीं रोगणें लावीत. कांहीं भाग रोगणांत बुडवून काढीत, कांहींवर तें ओतीत, कांहीं भट्टींत भाजून काढीत. मडगार्डाच्या काळ्यांत डांबराच्या जातीचें खनिज द्रव्य आणि जवसाचें तेल असे. त्यामुळें त्याची झांक आजच्या काळ्या रंगाहून निराळी असते. काळा निवडण्याचें कारण तो लवकर सुके हें, असें पुष्कळांनीं लिहिलें आहे; पण कारखान्याचे जुने कागद ज्यांनीं तपासले त्यांच्या मतें तो स्वस्त होता आणि टिकाऊ होता, एवढेंच खरें कारण.

आतां त्या गर्द निळ्या गाड्यांचें काय झालें? निळ्यावर जें वार्निश होतें तें काळानें पिवळसर तपकिरी झालें. निळ्या कागदावर पिवळी कांच ठेवावी तसा परिणाम होऊन, मुळांतच जवळजवळ काळा भासणारा तो रंग पार काळा दिसूं लागला. अशी गाडी हातीं आली, तर ती काळीच समजून काळी रंगविली जाण्याचा संभव किती मोठा आहे, हें सांगावयास नको. येथें एक गोष्ट सहज आठवली. आमच्या संस्कृतांत ‘नील’ शब्दाची हीच गत आहे. अमरकोशकारानें तो कृष्णवर्णाच्या पर्यायांतच घातला आहे, आणि मराठींत आपण त्याचा ‘निळा’ करून त्याला काळ्यापासून तोडलें. शब्द असा फसवा, आणि डोळाही तितकाच फसवा. मग रंगाचा निर्णय करावा कशावरून?

नैयायिक प्रमाणें सांगतात त्यांतील तीन येथें उपयोगीं पडतात. पहिलें शब्दप्रमाण, म्हणजे कागद आणि माणसांच्या आठवणी. गाडीच्या नोंदणीपुस्तकांत रंगाचा रकाना असतो, पण त्यांत कारकुनानें एक शब्द लिहिलेला असतो: ‘ब्ल्यू’, ‘ग्रे’, ‘ग्रीन’. हिरव्याच्या शंभर छटा असतील, त्यांतील कोणता हिरवा हें त्यावरून कसें कळणार? कित्येक गाड्यांच्या बॉनेटखालीं एक लहानशी पट्टी असते, तीवर रंगाचा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. हा पुरावा चांगला. तरी तो क्रमांक म्हणजे रंगाचें नांव आहे, रंग नव्हे. रंगाच्या कंपन्यांनीं त्या क्रमांकाचीं जीं मिश्रणें दिलीं तीं रंगद्रव्यें बदलत गेलीं तशीं बदलत गेलीं, आणि जुन्या नमुनापुस्तकांतील तुकडेही काळानें पिवळे पडले. 

छायाचित्राचा लोकांना फार भरंवसा वाटतो. गेल्या शतकाच्या आरंभींचीं कृष्णधवल चित्रें ज्या कांचांवर घेत, त्या निळ्या प्रकाशानें चटकन प्रभावित होत आणि तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळें चित्रांत निळी गाडी फिकी दिसे आणि लाल गाडी काळी! पुढें सर्व रंगांस सारख्या जागणाऱ्या फिल्म आल्या, पण करड्या छटेवरून मूळ वर्ण काढणें तेव्हांही अशक्यच होतें. साठ-सत्तर सालचीं रंगीत चित्रें तर आज तांबूस होऊन बसलीं आहेत.

आठवणींचें म्हणाल तर थोरामोठ्यांच्या आठवणींचीही हीच अवस्था. जर्मनीच्या मर्सिडीज शर्यतगाड्या पांढऱ्याच्या चंदेरी कशा झाल्या याची एक प्रसिद्ध कथा आहे. १९३४ च्या जून महिन्यांत न्यूरबर्गरिंगच्या शर्यतीपूर्वीं गाडी ७५० किलोच्या मर्यादेहून एक किलो जड भरली, तेव्हां रातोरात पांढरा रंग खरवडून काढला आणि खालील ॲल्युमिनियम उघडें पडलें, असें त्या चमूचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनीं सांगून ठेवलें. कथा मोठी गोड आहे; पण पुढील संशोधकांनीं तिच्याविषयीं पुष्कळ शंका घेतल्या आहेत. इंग्रजांच्या शर्यतगाड्यांच्या हिरव्या रंगाचेंही असेंच. १९०३ सालीं गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत आयर्लंडांत झाली, तेव्हांपासून हिरवा हा त्यांचा रंग मानला जातो. परंतु ती एक छटा कधींच नव्हती. पोपटी धरून थेट काळपट हिरव्यापर्यंत सर्व छटा त्या एका नांवाखालीं नांदल्या. तेव्हां “मला अस्सल इंग्रजी शर्यतीचा हिरवा द्या” असें म्हणणाऱ्यास, कोणत्या कारखान्याचा आणि कोणत्या सालचा, असें उलट विचारणेंच योग्य.

कागद आणि आठवण यांनीं दिशा कळते, निर्णय होत नाहीं. निर्णय पत्र्यावरच शोधावा लागतो. कसा, तें आम्हीं पुण्यांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं प्रत्यक्ष पाहिलें.

त्यांच्या आजोबांनीं घेतलेली फियाट ११०० गाडी गोठ्याच्या छपरीखालीं पंचवीस वर्षें उभी होती. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९५४ पासून या गाड्या तयार होऊं लागल्या. तिच्या गोल पाठीमुळें व आंखूड नाकामुळें आपल्या लोकांनीं तिचें ‘डुक्कर फियाट’ असें बारसें केलें. नांव ओंगळ खरें, पण तें प्रेमानें ठेवलेलें आहे. हल्लीं ही गाडी पांढरी होती. तो रंग मागाहून दिलेला, याविषयीं कोणाचा वाद नव्हता. त्यापूर्वीं ती कशी होती, यावर मात्र घरांत दोन पक्ष पडले होते. आत्याबाई, वय वर्षें चौऱ्याऐंशी, म्हणत, “अरे, ती आकाशी होती. लग्न लागल्यावर मी तींतूनच सासरीं गेलें, मला आठवत नाहीं होय?” त्यांचे धाकटे बंधु, म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचे वडील, म्हणत, “ताई, तुला शालूचा रंग आठवत असेल. गाडी राखी होती. शाळेंत असतांना दर रविवारीं ती मीच धुवीत असें.” नोंदणीपुस्तकांत शब्द होता ‘ग्रे’. बंधूंचा पक्ष जिंकल्यासारखा झाला, आणि आत्याबाई दोन दिवस कोणाशीं बोलेनात. वाद रंगाचा असला तरी आपली आठवण घरांत खोटी ठरली, हें त्यांच्या मनाला लागलें होतें.

सुदैवानें गाडी अद्याप गॅरेजमध्यें गेली नव्हती. विद्यार्थ्यानें एक वृद्ध व अनुभवी रंगारी बोलावून आणला, आणि त्यानें रंगाचा डबा न उघडतां आधीं गाडीच उघडावयास घेतली. सूर्य आणि पाऊस जेथें कधीं पोहोंचले नाहींत अशा जागा तो शोधीत होता: डिकीच्या कडेच्या रबरी पट्टीखालील पत्रा, डॅशबोर्डाची मागील बाजू, दारांच्या आंतील पुठ्ठ्यांमागें, दिव्यांच्या कड्यांखालीं, बॉनेटवरील चिन्हाच्या मागें. रबरी पट्टी ओढून काढतांच बोटभर रुंदीची एक रेघ दिसली. ती फिकी निळी होती आणि तिला किंचित् हिरवट झांक होती. आत्याबाईंना खुर्ची आणून दिली, त्यांनीं चष्मा सांवरून पाहिलें आणि त्या एवढेंच म्हणाल्या, “हाच.”

पण राखी रंगाचें काय? रंगाऱ्यानें दाराच्या खालच्या बाजूस रुपयाएवढी जागा निवडली आणि पाण्यांत भिजविलेल्या अगदीं बारीक कांचकागदानें ती बोटाच्या टोकानें हलकेच घांसली, मध्यें खोल व कडेला उथळ अशी. झाडाच्या बुंध्यांतील कड्यांप्रमाणें एकांत एक वर्तुळें उमटलीं. बाहेरून पांढरें, मग त्या पांढऱ्याचें अस्तर, मग निळें, मग करडें, मग तांबडें, आणि मध्यबिंदूशीं लोखंड. “पाहा, करडा आहेच!” असें वडील म्हणाले. रंगारी हंसला. तें करडें म्हणजे रंगाखालचें अस्तर, असें त्यानें सांगितलें. त्याला तकाकी नाहीं, आणि तें निळ्याच्या खालीं आहे, वर नाहीं. येथें नवशिक्ये फार फसतात, आणि अस्तरालाच मूळ रंग समजून सबंध गाडी करडी करून टाकतात.

तरीही वडिलांचें समाधान होईना, आणि तें बरेंच झालें. गाडीची मागील क्रमांकाची पाटी मूळची नसून गाडी दहा-बारा वर्षांची झाल्यावर बसविलेली होती. ती सोडविली तेव्हां तिच्यामागें पांढऱ्याचा स्पर्श न झालेला एक हातभर तुकडा निघाला, आणि तो खरोखरच राखी होता. वडिलांनीं विजयी मुद्रेनें बहिणीकडे पाहिलें. रंगाऱ्यानें फडक्याला थोडें पॉलिश लावून तो तुकडा घांसला. फडकें निळसर झालें आणि राखेखालून रबरी पट्टीखालचाच निळा रंग उगवून आला. म्हणजे आत्याबाईंनीं नवी गाडी पाहिली होती आणि बंधूंनीं दहा वर्षें उन्हांत उभी राहिलेली. दोघांची आठवण खरी होती. नोंदणीपुस्तकांतील कारकून मात्र निळसर राखी म्हणावें कीं राखट निळा, या घोळांत पडला असावा. त्या दिवशीं त्या घरांत दोन वेळां चहा झाला, आणि दुसऱ्या वेळचा आत्याबाईंनीं स्वतः केला.

असें होण्याचें कारण समजण्यासारखें आहे. रंगांत दोन मुख्य भाग असतात: रंगद्रव्याचे बारीक कण, आणि त्या कणांना धरून ठेवणारें रोगण. उन्हांतील जंबुपार किरण वरच्या थरांतील रोगण कुजवितात. कण सुटे होऊन पावडरीसारखे पृष्ठभागावर राहतात आणि त्यांवरून प्रकाश सर्व दिशांस विखुरतो. पाटीवर खडू पसरला म्हणजे काळी पाटी करडी दिसते, तोच हा प्रकार. जीर्ण पृष्ठभागावरून कधींही नमुना घेऊं नये, तो घ्यावयाचा तर झांकलेल्या जागेवरून, किंवा हलकेंच पॉलिश करून. यालाही एक अपवाद आहे. मोटारी पूर्वीं घोड्याच्या बग्ग्यांप्रमाणें रंगवीत. तेलांत घोटलेला रंग ब्रशानें एकावर एक लावीत, मध्यें घांसून घेत, शेवटीं वार्निश देत, आणि एका गाडीस आठवड्यांवर आठवडे लागत. अशा तेलाच्या रोगणाला अंधारांतही पिवळेपणा येतो. त्यामुळें फार जुन्या गाडींत झांकलेला भागही जसाच्या तसा मूळचा मानतां येत नाहीं. १९२३ सालीं अमेरिकेच्या ड्यू पाँ कंपनीनें नायट्रोसेल्युलोजचें ‘ड्युको’ नांवाचें रोगण काढलें आणि १९२४ च्या हंगामाच्या ओकलंड गाड्या त्यानें निळ्या रंगविल्या गेल्या, तेव्हां आठवड्यांचें काम दिवसांवर आलें. बिनधुराची दारू ज्या द्रव्यापासून होते त्याच जातीचें हें द्रव्य. कंपनीचें तें नांव आपल्याकडे इतकें रुळलें कीं फवाऱ्यानें मारलेल्या रंगास आपले सुतार व रंगारी आजही सरसकट ‘ड्युको’ म्हणतात.

रंग सांपडला, आतां तो जुळवावयाचा. पुढील अडचण घरांतील स्त्रियांना आम्हीं सांगण्याची गरज नाहीं. लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांत दिव्याखालीं साडीला अगदीं जुळणारें पोलक्याचें कापड निवडावें, आणि घरीं येऊन अंगणांत पाहिलें तर तें भलतेंच दिसावें, हा अनुभव कोणाला नाहीं? म्हणूनच जाणती बाई कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर येते. मोटारीच्या रंगाला हाच न्याय लागू आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. वस्तूवरून येणारा प्रकाश कितीही घटकांचा असो, डोळा त्याचे तीन आंकडे करून मेंदूकडे पाठवितो. म्हणून अगदीं वेगळ्या घटकांचे दोन रंग एका दिव्याखालीं एकसारखे दिसूं शकतात. दिवा बदलला कीं त्यांचें पितळ उघडें पडतें. जुन्या निळ्यांत प्रशियन निळा असूं शकतो. आजच्या बहुतेक निळ्यांत १९३५ पासून विक्रीस आलेला थॅलोसायनीन असतो. जुन्या पिवळ्या-हिरव्यांत शिशाचें क्रोमेट असे. तें विषारी म्हणून आतां पुष्कळ ठिकाणीं वर्ज्य झालें आहे. घटक बदलले म्हणजे हा दृष्टिभ्रम ठेवलेलाच.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं नेमकें तेंच घडलें. रंगाच्या दुकानीं हल्लीं एक यंत्र असतें. तें रंगावर प्रकाश टाकून परत आलेल्या प्रकाशाचें पृथक्करण करतें आणि गणकयंत्र त्यावरून मिश्रण सांगतें. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें १९३१ सालीं डोळ्याच्या ज्या गुणांचे आंकडे ठरविले, त्यांवर ही सारी मापनविद्या उभी आहे. यंत्रानें सांगितलेला पहिला नमुना दुकानांतील ट्यूबलाइटखालीं इतका जुळला कीं कोठें कोणता हें ओळखेना. अंगणांतील सकाळच्या उजेडांत मात्र तो हिरवट दिसूं लागला, आणि पिवळ्या बल्बखालीं जांभळट. दुकानदारास यंत्राची फार घमेंड होती. त्याला आम्हीं तो पत्रा हातांत धरून बाहेर पायरीवर आणून दाखविला. दुसऱ्या वेळीं त्यानें एक रंगद्रव्य बदलून दिवसाचा प्रकाश व बल्ब अशा दोन्हींचा मेळ यंत्राला पाहावयास लावला, आणि तिसऱ्या नमुन्यास काम साधलें. यंत्र खोटें नव्हतें. त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता.

नमुना पाहण्याची रीतही कांहींशी शिकावी लागते. तो कागदावर नव्हे तर पत्र्यावर, तेंच अस्तर व तितकेच हात देऊन करावा. ओला रंग आणि सुकलेला रंग एक नसतात, म्हणून रात्रभर वाळूं द्यावा. सकाळीं उत्तरेकडील उजेडांत, मूळ तुकड्याला अगदीं चिकटवून धरावा. दोहोंमध्यें बोटभरही अंतर राहिलें तरी डोळा चुकीस क्षमा करतो. जवळ तांबडें लुगडें वाळत असेल तर तें आधीं काढून घ्यावें! आणखी एक नाजूक गोष्ट. म्हातारपणीं डोळ्यांतील भिंग पिवळें होतें आणि निळ्या छटा मंद दिसतात. मोतीबिंदु काढल्यावर कित्येकांना आकाश एकदम निळें झाल्यासारखें वाटतें तें यामुळेंच. शिवाय लाल-हिरव्याचा भेद नीट न कळणाऱ्यांत पुरुषांची संख्या स्त्रियांहून पुष्कळ अधिक आहे. तेव्हां आम्हां वृद्ध पुरुषांचें मत घरांत कितीही मानाचें असलें, तरी या कामीं अखेरचा निकाल एखाद्या नातीकडे सोंपवावा.

चंदेरी झांकेच्या रंगांची गोष्ट निराळीच आहे. त्यांत ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात. त्या आडव्या निजल्या तर रंग उजळ दिसतो, तिरक्या राहिल्या तर काळवंडतो. म्हणून एकाच डब्यांतील रंग दोन रंगाऱ्यांच्या हातून दोन प्रकारचा उतरतो. आरंभीं मोत्यासारखी झांक आणण्यासाठीं माशांच्या खवल्यांचें द्रव्य वापरीत. शाकाहारी मालकांनीं त्याची चौकशी न करणेंच बरें.

तकाकीचाही विचार करावा. आज सर्रास मिळणारा दोन भागांचा रंग, वर पारदर्शक थर दिलेला, कांचेसारखा चमकतो आणि टिकतोही पुष्कळ. परंतु १९५५ ची गाडी अशी कधींच चमकत नव्हती. छटा बिनचूक जुळूनही गाडी खोटी दिसते ती यामुळें. आमचें मत असें कीं, ज्यांना गाडी रोज उन्हापावसांत काढावयाची असेल त्यांनीं नवा रंग द्यावा व त्याची चमक थोडी मारावी. ज्यांची गाडी सणासुदीस बाहेर पडते त्यांनीं जुन्या जातीचाच रंग द्यावा आणि तो हातानें घोटून घ्यावा. या प्रश्नावर जाणत्यांचे मतभेद आहेत. शक्य तेथें जुना थर तसाच राखावा, मग तो विटका कां असेना, असें म्हणणारा पक्ष परदेशांत अलीकडे प्रबळ झाला आहे, आणि सबंध मूळ रंगांतील गाडी हातीं आली तर आम्हीही त्याच पक्षाचे.

मुलांच्या घरांत एक गोष्ट विसरूं नये. जुन्या थरांत व अस्तरांत शिसें असूं शकतें, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या पोटांत जाणें फार वाईट. कोरडें घांसूं नये, पाणी लावूनच घांसावें, आणि तो गाळ अंगणांत वाहूं देऊं नये. दोन भागांच्या रंगाच्या फवाऱ्यांतील द्रव्य फुप्फुसांस बाधक आहे. तें काम वाड्याच्या चौकांत तोंडाला रुमाल बांधून करण्याचें नव्हे, तें नीट व्यवस्था असलेल्या ठिकाणींच करून घ्यावें.

आमच्या विद्यार्थ्याच्या फियाटचा पत्रा या सर्व तपासानंतरच उघडा केला गेला. डिकीच्या रबरी पट्टीखालील ती निळी रेघ मात्र रंगाऱ्यानें कागद चिकटवून झांकली आणि तिच्यावर नवा रंग येऊं दिला नाहीं. मिश्रणांतील प्रत्येक रंगद्रव्याचें नांव व वजन, अस्तराची जात, किती हात दिले तो आंकडा आणि तारीख, हें सर्व एका जाड कार्डावर लिहून, मागील बाजूस रंगाचा एक हात मारून, तें कार्ड नोंदणीपुस्तकाबरोबर कपाटांत ठेवलें आहे. नोंदणीपुस्तकांतील ‘ग्रे’ हा शब्द बदलून घेण्याचा अर्ज वडिलांनीं स्वतः लिहिला. त्यांत ‘फिकट निळा’ लिहावें कीं ‘आकाशी’, याविषयीं त्यांनीं ताईंचें मत विचारलें.